भुवयांचं कुंपण

'कुठे' हा शब्द स्मिताच्या अगदी ओठांवर आला होता. दत्तप्रसाद उंबऱ्याशी वाकून सावनीच्या बुटाची नाडी बांधत होता, गाडीची किल्ली त्यानं दातांत धरली होती, आणि आठ वर्षांची सावनी भिंतीला टेकून, एक पाय पुढे करून राणीसारखी उभी होती. "जरा जाऊन येतो," किल्ली न काढताच तो म्हणाला. स्मितानं ओठांवरचा शब्द आवंढ्याबरोबर गिळला आणि त्याच्याऐवजी विचारलं, "लांब?" "छे गं. हे गेलो नि हे आलो." दार लागलं. जिन्यात सावनीच्या बुटांचा आवाज पायरीपायरीनं बारीक होत गेला, खाली गाडी सुरू झाली, आणि बहारीनमधल्या माहूजच्या त्या गल्लीत शुक्रवारची दुपार पुन्हा पहिल्यासारखी पसरली. स्मिता भांडी घासायला वळली. गिळलेला शब्द मात्र खाली उतरला नव्हता. गोळी पाण्याशिवाय घेतली की अडकते तसा तो घशात कुठंतरी आडवा बसून होता.

निघणाऱ्या माणसाला कुठे म्हणून विचारू नये, हे स्मिताला कुणी तोंडी शिकवलं नव्हतं. ते तिच्या गालावर उमटलं होतं. पेणला, ती सहा-सात वर्षांची असताना, बाबा इस्त्रीचा सदरा घालून बाहेर पाऊल टाकत होते आणि तिनं ओटीवरून आपलं सहज विचारलं होतं, बाबा, कुठे चाललात? बाबा थबकले, मागे फिरले, चपला काढून पाटावर बसले. आईनं त्यांच्या हातावर गूळ ठेवला, पाणी दिलं, आणि पेला परत नेता नेता स्मिताच्या थोबाडीत दिली. जन्मात तेवढी एकच. गूळ-पाणी होईस्तोवर मुंबईची एसटी निघून गेली आणि ज्या मुलाखतीला बाबा चालले होते ती हुकली. एसटी सुखरूप पोचली; बाबा मात्र उभा जन्म पेणच्या सोसायटीत कारकुनी करत राहिले. तरीही हे नुकसान गुळानं केलं असं घरात कुणाला वाटलं नाही. ते स्मिताच्या 'कुठे'नं केलं होतं. पुढे ती शिकली, बँकेत लागली, लग्न झालं, विमानात बसून बहारीनला आली. शकुन-अपशकुन मानणाऱ्या बायकांची चेष्टाही करायला लागली. पण कुणी उंबऱ्यावर उभं राहिलं आणि तो शब्द तोंडात आला, की डावा गाल आपोआप गरम व्हायचा.

चहाची वेळ टळली. तिनं आधण ठेवलं, उकळू दिलं, बंद केलं. आखातात युद्ध सुरू झाल्यापासून चहासुद्धा एका कानानं व्हायचा, दुसरा कान भोंग्याकडे. दत्तप्रसाद कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. त्यामुळं घरात सगळं नियमानं झालेलं होतं, आणि त्यानं नियम केले की देव जरी खाली आला तरी त्याला रांगेत उभं राहावं लागायचं. झोपायच्या खोलीला एकच खिडकी, म्हणून विषारी वायूपासून लपायला ती खोली ठरली. खिडकीवर प्लॅस्टिक, एसीच्या तोंडावर प्लॅस्टिक, कडांना पॅकिंगचा तपकिरी टेप. भोंगा झाला की तिघांनी आत जायचं, दाराच्या फटींवर टेप मारायचा, खाली ओला टॉवेल. तालीम करताना त्यानं घड्याळ लावलं होतं. आणि एक गोष्ट त्यानं स्मिताला समोर बसवून सांगितली होती. एकदा टेप मारला की मारला. बाहेर कुणीही येऊन दार वाजवलं तरी ऑल क्लिअर होईपर्यंत उघडायचं नाही. तिनं हसून विचारलं होतं, आणि तुम्ही असलात तर? तो हसला नव्हता. "मी असलो तरी नाही. हवा माणूस ओळखत नाही, स्मिता."

आता ती खोलीत डोकावली आणि तिथंच उभी राहिली. कपाटाच्या खुंटीवर कंपनीनं दिलेला गॅस मास्क लटकत होता. एकच मिळाला होता, कामावर जाणाऱ्यासाठी; पण दत्तप्रसाद तो घराबाहेर पडताना नेहमी बरोबर न्यायचा, अगदी खाली खबूस, तिथली रोटी, आणायला गेला तरी. कोल्ड स्टोअरचा दुकानदार त्याला हसायचा. आज मास्क नेला नव्हता. म्हणजे खरंच जवळ कुठं गेला असेल, हे एक. किंवा इतका गडबडीत होता की विसरला, हे दुसरं. गडबड कसली? काल रात्री जेवताना तो गप्प होता. परवा तिनं पुन्हा परत जायचा विषय काढला होता. सावनीला घेऊन मी पेणला जाते, तुम्ही राहा. आणि त्यानं पासपोर्ट कंपनीकडे आहेत, बघू, असं म्हणून ताट बाजूला सारलं होतं. शुक्रवारी कंपनी बंद असते. मग? पोरीला घेऊन हा माणूस कुणाच्या दारात जाऊन उभा राहिलाय?

फोन वाजला तेव्हा तिनं तो पहिल्या घंटीलाच उचलला. जयेश होता, दत्तप्रसादचा कारखान्यातला सोबती, बुसैतीनहून. उद्याच्या शिफ्टबद्दल काहीतरी बोलायचं होतं. दत्ता आहे का? नाही, बाहेर गेलेत. कुठे? इतका साधा प्रश्न, आणि इतक्या सहज त्यानं तो विचारला, की स्मिताला त्याचा रागच आला. ती म्हणाली, माहीत नाही. मग जयेश जरा सांभाळून म्हणाला, वहिनी, सगळं ठीक ना? आणि तिला कळलं की या दिवसांत नवरा मुलीला घेऊन बाहेर गेलाय आणि बायकोला पत्ता नाही, याचा लोक काय अर्थ काढतात. हो, ठीक, असं म्हणून तिनं फोन ठेवला. त्याला काय सांगणार होती? की आमच्यात विचारत नाहीत?

काहीतरी करायला हवं म्हणून ती सिग्रिडच्या घराची किल्ली घेऊन वर गेली. सिग्रिड ही वरच्या मजल्यावरची नॉर्वेची बाई, नवरा जहाजदुरुस्तीच्या गोदीत. युद्धाआधी दिलेली मुदत संपायच्या आधीच दोघं ऑस्लोला निघून गेली होती; जाताना किल्ली स्मिताच्या हातात देऊन म्हणाली, झाडांना पाणी घाल, आणि भीती वाटली तर माझ्या विणायच्या मागाशी बसून राहा. माग तिच्या दिवाणखान्यात मधोमध उभा होता आणि त्यावर अर्धवट विणलेली एक लोकरीची भिंतभर चादर. सिग्रिड दर वर्षी एक विणायची. या वर्षीचीत मधोमध हिरवा गोल होता, त्यात बोटाच्या पेराएवढी घरं, गाई, माणसं. गोलाभोवती उभ्या काळ्या केसांचं कुंपण. त्याच्याबाहेर निळा समुद्र, आणि समुद्रात, सगळ्याला वळसा घालून, पाचूच्या रंगाचा एक साप.

मिडगार्ड, असं सिग्रिडनं नाव सांगितलं होतं. मधलं कुंपण, माणसांची जागा. कडू कॉफीचा मग स्मिताच्या हातात देऊन ती ही गोष्ट घरातल्या गोष्टीसारखी सांगायची. देवांनी एका राक्षसाला मारलं. त्याच्या मांसाची जमीन केली, रक्ताचा समुद्र, कवटीचं आभाळ. मग किनाऱ्यावर फिरताना त्यांना वाहून आलेले दोन ओंडके सापडले, त्यांची केली माणसं. आणि ही माणसं बाहेरच्या राक्षसांपासून वाचावीत म्हणून त्या मेलेल्याच्या भुवयांचे केस उपटून त्यांना कुंपण घातलं. स्मिताला तेव्हा हसू आलं होतं. आपला शेष पृथ्वी डोक्यावर घेतो, यांचा तिला वेढा घालून स्वतःचीच शेपटी चावत बसतो. शेवटी काय, सापाशिवाय कुणाचं चालत नाही. आणि त्यानं शेपटी सोडली तर? तर समुद्र जमिनीवर येतो आणि सगळं संपतं, सिग्रिड म्हणाली होती, साखर संपली म्हणावं तशा आवाजात. वाहून आलेले ओंडके हे मात्र स्मिताला फार आवडलं होतं. या बेटावर दुसरं कोण होतं? पेणचा एक, रत्नागिरीचा एक, ऑस्लोचा एक. तिनं आणखी एक प्रश्न विचारला होता. कुंपण पुरं केलं तेव्हा सगळी माणसं आत होती, हे देवांनी पाहिलं होतं का? सिग्रिडचा हात धाग्यावर थांबला होता. मग ती म्हणाली, हे मला आजवर कुणी विचारलं नाही. गोष्टीत तसं काही नाही.

झारीतलं पाणी कुंडीतून वाहून जमिनीवर आलं तेव्हा स्मिता भानावर आली. फडक्यानं पुसता पुसता तिची नजर पुन्हा मागाकडे गेली. साप पुरा झाला नव्हता. सिग्रिडला घाईनं जावं लागलं, आणि त्याचं उघडं तोंड नि शेपटीचं टोक यांच्यामध्ये वीतभर नुसते उभे पांढरे दोरे होते. मोठ्या माणसाला त्यात काही वाटलं नसतं. पण पहिल्या भोंग्याच्या वेळी, प्लॅस्टिक लावलेल्या खोलीत सावनी थरथरत होती तेव्हा स्मितानं तिला हीच गोष्ट सांगितली होती. आपण मधल्या कुंपणात आहोत, बाहेर साप आहे, पण त्यानं शेपटी घट्ट धरलीय, म्हणून काही होत नाही. पोरगी शांत झाली होती. मग परवा तीही पाणी घालायला वर आली आणि मागापुढे उभी राहून म्हणाली, "ममी, ही इज नॉट होल्डिंग इट." स्मितानं सांगितलं, अगं, विणायचं राहिलंय. सावनीनं ते ऐकलं, आणि त्या दिवसापासून ती जेवेना, झोपेना, प्रत्येक आवाजाला विचारायची, सुटली का? शेवटी काल स्मिता तिच्यावर ओरडली होती की गोष्ट असते ती, गाढव, खरं नसतं काही. दत्तप्रसाद समोर बसून पेपर वाचत होता. निदान पेपर त्याच्या हातात होता.

ती दाराला कुलूप लावत होती तेवढ्यात भोंगा सुरू झाला. खालून वर चढणारा, वरून खाली येणारा तो आवाज. ती धावत आपल्या मजल्यावर आली तर समोरच्या बानूभाभी दारात उभ्या. रत्नागिरीच्या. नवरा रहिमतुल्लाभाई सुकात, म्हणजे बाजारात, दुकान चालवायचे. दत्ताभाई खंय गेलेत, पोर पण दिसत नाय, असं त्यांनी विचारलं, आणि स्मितानं मान हलवली तशा त्यांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांच्याकडेही निघणाऱ्याला विचारत नसत. त्यांनी तिचं मनगट धरलं. "एकटी नको बसू गो. आमच्याकडे ये. चल."

"ते येतील आता," स्मिता म्हणाली. "मी घरात दिसले नाही तर कुठं शोधतील?"

आतून रहिमतुल्लाभाईंनी हाक मारली. बानूभाभींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, अल्ला हाय, असं पुटपुटल्या, आणि त्यांचं दार लागलं. मग त्या दाराच्या आड, आतल्या खोलीकडून, टेप ओढल्याचा आवाज आला. लांब, चरचरीत. एकदा, पुन्हा एकदा. स्मिता जिन्यात उभी राहून तो ऐकत होती. टेपचा आवाज तिनं आजवर आतूनच ऐकला होता. बाहेरून तो इतका वाईट ऐकू येतो हे तिला माहीत नव्हतं.

खोलीत गेल्यावर मात्र तिला काही ठरवावं लागलं नाही. हात शिकलेले होते. टॉवेल भिजवला, पिळला. दार लोटलं. वरच्या फटीवर पट्टी, बिजागऱ्यांच्या बाजूनं पट्टी. कडीच्या बाजूची राहिली तेव्हा हात थांबले. बाहेर भोंगा खाली आला होता आणि त्याच्या जागी जी शांतता होती ती जास्त जड होती. ती पट्टी दोन्ही हातांत ताणून धरून उभी राहिली. ते आत्ता रस्त्यावर असतील. गाडीच्या काचा सावनीनं वर केल्या असतील का? तिला काच खाली ठेवायची सवय. ही पट्टी न मारता बसले तर बाकीच्या मारून उपयोग नाही. आणि मारली तर. मग एक विचार आला, अगदी बँकेतल्या हिशेबासारखा स्वच्छ. बाहेर वायू असेल तर ते दोघं दारापर्यंत पोचणारच नाहीत, आणि नसेल तर थोडा वेळ थांबतील. म्हणजे दोन्ही हिशेबांनी दार बंद करायला हरकत नाही. विचार पुरा व्हायच्या आत हातांनी पट्टी दाबून बसवली होती. अंगठ्यानं वरपासून खालपर्यंत, बुडबुडा राहू नये म्हणून, दत्तप्रसादनं शिकवलं होतं तसं.

मग ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिला स्वतःची भीती वाटली. आजवर तिला भीती वाटली होती ती बाहेरच्याची. रॉकेटची, वायूची, रेडिओवरच्या बातम्यांची. ही भीती खोलीत तिच्या शेजारी बसली होती आणि तिला स्मिताचेच हात होते. कुंपण घालणाऱ्या देवांना काय वाटलं असेल, हे तिला आता नीट कळलं. काहीच वाटलं नसेल. काम नीट झालं, असं वाटलं असेल. तिनं खुंटीवरचा मास्क काढून मांडीवर घेतला. रबराला दत्तप्रसादच्या दाढीच्या साबणाचा वास होता. तो वास घ्यायला म्हणून तिनं तो तोंडाशी नेला, आणि मग पट्टे डोक्यामागे गेले. कसे गेले ते तिला सांगता आलं नसतं. गोल काचांतून खोली लांब गेली. स्वतःचा श्वास मोठा, ओला ऐकू येऊ लागला. ती त्या श्वासामागे बसून राहिली आणि दुपारभर घशात अडकलेला शब्द आता प्रत्येक श्वासाबरोबर वर यायचा नि परत खाली जायचा.

बाहेरच्या दारात किल्ली फिरली. पावलं आली, मोठी आणि लहान. खोलीच्या दारावर थाप पडली.

"स्मिता. दार उघड."

ती उठली. मास्क खाली ओढला, दारापाशी गेली, पट्टीचं टोक नखानं पकडलं. ऑल क्लिअर झालेला नव्हता. मी असलो तरी नाही, असं तोच म्हणाला होता. नख टेपखाली गेलेलं होतं, नुसतं ओढायचं होतं, आणि तिनं ओढलं नाही. तिच्या तोंडून तोच शब्द निघाला, दुपारी गिळलेला, पेणच्या ओटीवरचा, आणि तो इतक्या जोरात निघाला की तिला आपलाच आवाज ओळखू आला नाही.

"कुठे गेला होतात?"

"अगं, आधी दार उघड."

"कुठे?" ती पुन्हा म्हणाली. तिला रडू येत होतं आणि रागही, आणि त्या दोघांच्या मध्ये हात तसाच अडकून पडला होता. "कुठे, सांगा."

मग खालून, किल्लीच्या भोकाच्या उंचीवरून, सावनीचा आवाज आला, समजूत घालणारा. "ममी, वुई वेन्ट टु सी द स्नेक. इट्स ओके. ही इज होल्डिंग."

स्मितानं पट्टी ओढली. टेपबरोबर दाराचा रंग निघून आला, खाली पांढरं लाकूड दिसलं. ती दोघं आत आली, दत्तप्रसादनं मागच्या मागे दार लावलं, टॉवेल पायानं सारला आणि एक शब्द न बोलता नव्या पट्ट्या मारायला घेतल्या. वरची पट्टी तिरकी गेली आणि त्यानं ती तशीच राहू दिली. पाठमोराच तो सांगत होता. झल्लाकच्या किनाऱ्यावर गेलो होतो. पोरगी काल रात्रभर जागी होती, तुला झोप लागली होती. म्हटलं एकदा समुद्र दाखवून आणावा, साप नाही हे डोळ्यांनी बघेल. पण तिथं गेल्यावर हिनं उत्तरेकडे बोट केलं. सौदीकडं जाणारा पूल दिसतो ना तिथून, पाण्यावरची लांबच लांब रेघ. ही म्हणाली, तो बघा. मी म्हटलं, पूल आहे तो. तर म्हणते, असू दे, पण दोन्ही टोकं टेकलीत. मग मीही म्हटलं, असू दे. येताना वाटेत भोंगा झाला. तुला सांगून जायला हवं होतं, पण तुझ्यासमोर सापाचं नाव काढलं असतं तर तू परत तिला ओरडली असतीस. आणि तू विचारलंही नाहीस.

"निघताना विचारत नाहीत," स्मिता म्हणाली.

"हो," तो म्हणाला. त्याला माहीत होतं. त्याच्या आईनंही कधी विचारलं नव्हतं.

सावनी पलंगावर चढून बसली होती. ती आईच्या तोंडाकडे पाहत होती. मास्कच्या रबराचा लाल वळ कपाळापासून हनुवटीपर्यंत अजून उमटलेला होता. मग तिनं जमिनीवर पडलेल्या जुन्या पट्टीकडे पाहिलं, जिला दाराचा रंग चिकटून आला होता. स्मिताला वाटलं, आता ही जवळ येईल. ती आली नाही.

"ममी," ती म्हणाली, "व्हेन यू क्लोज्ड इट, वुई वेअर आउटसाइड?"

दत्तप्रसादचा हात पट्टीवर थांबला. खोटं बोलणं सोपं होतं. मी शेवटची पट्टी मारली नव्हती, नुसती लावून ठेवली होती, तुमची वाट पाहत होते. यातलं काहीही चाललं असतं, आणि दत्तप्रसादनं दुजोराही दिला असता. पण पोरीचा प्रश्न स्मिताचा स्वतःचा होता. तिनंच तो वरच्या घरात, कॉफीचा मग हातात धरून विचारला होता, आणि तेव्हा तिला उत्तर मिळालं नव्हतं.

"हो," स्मिता म्हणाली. "तुम्ही बाहेर होता."

सावनीनं मान डोलावली. ती चिडली नाही, रडली नाही. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ऑल क्लिअरचा सरळ, लांब भोंगा झाला, दत्तप्रसादनं दार मोकळं केलं, पलीकडे बानूभाभींचं दार उघडल्याचा आवाज आला आणि त्या जिन्यातूनच ओरडून विचारू लागल्या, आले काय? स्मिता उत्तर द्यायला बाहेर गेली. परत आली तेव्हा टेपचं रीळ टेबलावर नव्हतं. दत्तप्रसादनं डोळ्यांनीच सावनीच्या फ्रॉकच्या खिशाकडे खूण केली. खिसा फुगला होता.

ते तिनं कुणाला दिलं नाही. शाळा बंदच होत्या. जेवताना, खेळताना ते तिच्याजवळ असायचं. पुढच्या वेळी भोंगा झाला तेव्हा ऊन उतरत होतं. तिघं खोलीत आली, दत्तप्रसादनं दार लोटलं आणि हात पुढे केला. सावनी लगेच उठली नाही. तिनं आधी बापाकडे पाहिलं, मग आईकडे, आईकडे जरा जास्त वेळ, भोंगा चालू असताना, घाई असताना. स्मिता हात मांडीवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखी, तिच्या नजरेखाली बसून राहिली. मग सावनीनं खिशातून रीळ काढलं, टोक नखानं सोडवलं आणि ते बापाच्या हातात दिलं.